लिंबोळ्यांच्या छापाचा झगा

सुमनताई गेल्याचा फोन आला तो अनोळखी नंबरवरून. आणि अनोळखी नंबरवरच्या माणसाचं काही खरं मानायचं नाही, हे मला ताईंनीच शिकवलेलं. "तुमी कोन? तुमाले कोनं सांगितलं?" मी ताईंच्या त्या शेजाऱ्यालाच उलट विचारत सुटले. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, मी त्यायच्या घरातूनच बोलून राह्यलो..." तेव्हा कुठे मी खाली बसले.

सुमनताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स, आणि निवृत्तीनंतर हिंगणघाटला एकट्या. संशय त्यांच्या हाडामासात होता. गोळी घेतली म्हणणाऱ्या पेशंटला त्या म्हणायच्या, "तोंड उघड. जीभ वर कर." आमच्याकडे आर्वीला आल्या की मी वाढलेलं वरण आधी हुंगायच्या, मग भाताला लावायच्या. कपाटाची किल्ली आंघोळीला जातानाही कमरेला. मी त्यांची एकुलती एक भावजय, पण ती किल्ली कधी माझ्या हातात दिली नाही. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू!

या बाईला हौस म्हणून एकच. नागपूरला नर्सिंग शिकताना त्यांच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे वॉयलचा एक झगा होता, पांढऱ्यावर कडुलिंबाच्या डहाळ्या आणि मधूनच पिवळी लिंबोळी. ताईंच्या वाट्याला सगळी नोकरीभर कोरं पांढरं. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या छापासाठी आर्वी, वर्धा, नागपूर पालथं घातलं. दुकानदार म्हणायचा, असं कापड आता येत नाही. बाहेर आल्यावर ताई माझ्या कानाशी लागायच्या, "हाय त्याच्यापाशी. गिऱ्हाईक पाहून लपवून राह्यला." शेवटी यंदा होळीच्या आसपास गिरडला, दर्ग्याच्या टेकडीखाली कटपीस विकणाऱ्याकडे ते सापडलं. ताईंनी त्याच्यासमोरच एक धागा ओढला, काडी लावून जाळला, राख बोटांत चोळून पाहिली. सुती निघाला. तुकडा जेमतेम एका झग्यापुरता, आणि त्याच्याजवळ दुसरा नव्हता.

तिथून त्या एसटीनं थेट माझ्याकडे, माझ्या मशीनवर झगा शिवून घ्यायला. आता मला संशय! गावात इतके शिंपी असताना मी काऊन? विचारलंच. म्हणाल्या, "शिंपी कापड मारते. तुयावर नजर ठेवता येते." झालं समाधान! कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं, मग माप. टेप लावला तर ताईंनी छाती भरून श्वास घेतला आणि धरूनच ठेवला.

"ताई, श्वास सोडा न."

"सोडलाच हाय. तू लिव मुकाट्यानं."

कापताना समोर खुर्ची टाकून बसल्या. कात्री जरा वाकडी गेली असती तर त्यांची इतक्या वर्षांची हौस तिथेच संपली असती, आणि मला त्यांनी कधी माफ केलं नसतं.

घालून पाहायला आल्या तर झगा ढगळ. खांदे उतरत होते. "टेप खोटा हाय तुया!" "तुमीच फुगल्या होत्या!" चांगलं कडाक्याचं भांडण झालं आमचं. मग मी कुशीतून आत घेतला आणि उरलेलं कापड छाटायला कात्री उचलली, तर त्यांनी मनगटच धरलं. "कापू नोको. आतच राहू दे." म्हणजे मी त्या पट्ट्या चोरणार! काय लोणचं घालणार होते मी त्यांचं? काही आठवड्यांनी झगा पुन्हा ढगळ झाला, पुन्हा आत घेतला, आणि पुन्हा तेच, कापू नोको. मी म्हटलं, वजन उतरलं का हो? "उन्हाळा हाय. खाणं जात नाई." जन्मभर कुण्या पेशंटच्या शब्दावर न विसंबलेली बाई, आणि मी मात्र ते मानलं...

घातला त्यांनी. आमच्या अंगणात संध्याकाळी फेऱ्या मारल्या, लाजत लाजत. "कशी दिसून राह्यली?" म्हटलं, पोरीसारख्या. "खोटं बोलून राह्यली," म्हणाल्या, पण झोपेपर्यंत बदलला नाही.

शेवटची भेट हिंगणघाटला. दुखणं काय आहे ते तोवर आम्हाला कळलं होतं. ताई खाटेवर, उशाशी झगा घडी करून ठेवलेला. तो माझ्या अंगावर टाकला. "कुशीच्या शिलाया उसव. अन् घालून पाय."

"मी? काऊन?"

"सांगतलं तेवढं कर न!"

तिथेच ब्लेडनं उसवला, आतल्या खोलीत जाऊन घातला. मी त्यांच्याहून चांगली भरलेली. तरी खांद्याला, छातीला, सगळीकडे बसला. बाहेर आले. ताई वरून खालपर्यंत बघत राहिल्या. मला रडू आवरेना. म्हटलं, तुमाले कधीपासून माहीत होतं ताई? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "घामानं खराब करशीन. काढ आता."

सध्या दुपारचा तोच घालते. उसवलेल्या टिपांची भोकं कुशीला दिसतात, दिसू देत. इस्त्री करताना मात्र हटकून संशय येतो... माप घेताना ताईंनी भरलेला तो श्वास नेमका माझ्या अंगाएवढा कसा निघाला?