वळणाच्या बाहेरची पोती

नाशिकहून ओझरकडे जाताना हमरस्ता सोडून आत गेलं की एक माळ लागतो. हिवाळ्यात तिथं मोटरसायकलींची शर्यत भरते. मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या मित्रासाठी. नांदगावच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. पुढे तो ओझरकडच्या एका कारखान्यात फिटर झाला. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. रस्त्यांची आखणी करणाऱ्या एका लहानशा कचेरीत इंजिनीअर म्हणून लागलो. सुट्टीच्या दिवशी तो गाडी पळवायचा, आणि फार चांगली पळवायचा.

ती पहिली शर्यत मात्र कंटाळवाणी निघाली. ट्रॅक म्हणजे सगळा एकसारख्या रुंदीचा गोल. सुरुवातीला जो पुढं सुटला तो शेवटपर्यंत पुढं, बाकीचे त्याची धूळ खात एकामागे एक. दुपारी वडापाव खायला उठलेली माणसं परत आलीच नाहीत.

क्लबच्या अध्यक्षांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात. शर्यत संपल्यावर मी त्यांना सहज म्हणालो, "आप्पा, एक लांब सरळ पट्टा ठेवा आणि त्याच्या टोकाला एकदम आवळलेलं वळण द्या. पट्ट्यावर मागच्याला वेग मिळेल. वळणावर ब्रेक सगळ्यांनाच मारावा लागतो. जो उशिरा मारेल तो आतून पुढं घुसेल." आणखी एक सुचवलं: पहिल्या फेऱ्यांत जो सगळ्यात वेगवान ठरेल, त्यानं अंतिम फेरीत सगळ्यात मागून निघायचं. म्हणजे चांगल्या माणसाला पुढं येताना लोकांना बघायला मिळेल.

"इंजिनेरसाहेब, हे कागदावर उतरवा," आप्पा म्हणाले.

मी उतरवलं. रेषा ओढताना भूमितीच्या सरांची आठवण आली. माझ्याकडे कंपासपेटी नव्हती तेव्हा ते आपली द्यायचे, आणि कधी त्याचा उल्लेखही करायचे नाहीत. त्यांनी शिकवलेलं इतक्या माणसांच्या आनंदाला उपयोगी पडतंय, याचं समाधान वाटत होतं. घसरलेली गाडी अडावी म्हणून वळणाच्या बाहेरच्या कडेला भुसा भरलेली पोती रचायची, हेही मी दाखवलं. पोत्यांच्या मागं रुंद पट्टा मोकळा ठेवायचा, तिथं कुणी उभं राहायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात शर्यतीच्या दिवशी सकाळी मी माळावर पोचलो. वळण अगदी मी काढलं होतं तसंच होतं. कांदा मार्केटातून आणलेली पोती दोन थरांत नीट रचलेली होती. आणि त्या पोत्यांवर माणसं बसली होती.

मऊ, उंच, आणि समोर अख्खा पट्टा दिसणारी जागा. आजूबाजूच्या मळ्यांतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं डबे घेऊन आली होती. कुणी पोत्यावर चादर अंथरली होती. एका बाईनं लेकराला मांडीवर घेतलं होतं आणि ती भाकरी मोडून त्याला भरवत होती.

मी म्हणालो, "ताई, इथं गाड्या येऊन आदळू शकतात. उठा, आतल्या बाजूला चला."

"आतून काय दिसतंय? पुढच्यांच्या नुसत्या पाठी," ती म्हणाली. "दिस उगवायच्या आधी येऊन जागा धरली हाये आम्ही."

शेजारचे आजोबा हसले. "साहेब, खुर्च्या तुम्हीच मांडल्या, आता उठा म्हणता. पंगतीतून उठवता का काय?"

मी आप्पांकडे धावलो. त्यांनी लाऊडस्पीकरवरून सांगायला लावलं, की मोठ्या वळणावरच्या मंडळींनी मागं सरकावं, तिथं गाड्या पडण्याचा संभव आहे. ते ऐकून दुसऱ्या टोकाची माणसं वळणाकडे निघाली.

दुसऱ्या फेरीत एक गाडी खरंच पडली. ब्रेक उशिरा लागला, मागचं चाक निसटलं आणि गाडी आडवी घसरत पोत्यांत घुसली. तिथली माणसं कशी बाजूला झाली मला कळलं नाही. रायडर उठला, धूळ झटकली, हात वर केला. टाळ्या, शिट्ट्या. गाडी बाहेर ओढून काढली आणि रिकाम्या झालेल्या जागेत लगेच दुसरे चौघं येऊन बसले. पोतं फाटून भुसा सांडला होता. तो कुणीतरी पायानं सारखा केला, बसायला बरं पडावं म्हणून.

माझ्या मित्रासाठी तो दिवस मोठा होता. पुण्याच्या एका संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. पसंत पडला तर संघाची गाडी मिळणार होती, आणि कारखान्यातलं फिटरचं काम सोडून नुसतं पळवायचं. सकाळच्या फेऱ्यांत तोच सगळ्यात वेगवान ठरला. म्हणून नियमाप्रमाणे अंतिम फेरीत तो सगळ्यात मागे. पुढं यायला जागा एकच होती, ते वळण.

अंतिम फेरीच्या आधी मी आप्पांना म्हणालो, "वळणावर पिवळा झेंडा धरा. तिथं कुणी कुणाला ओलांडायचं नाही, सगळ्यांनी वेग कमी करायचा. माणसं हलत नसतील तर एवढं तरी करा."

"मग लोकांनी बघायचं काय?" आप्पांनी वळणाकडे नजर टाकली. "बरं. पोरांना विचारा. सगळे हो म्हणाले तर धरतो."

पुढच्या रांगेतले लगेच हो म्हणाले. त्यांचं त्यात भलंच होतं. मी मागं मित्रापाशी गेलो. त्यानं हेल्मेट काढलं.

"तुला कळतंय ना, मग मी निघतच नाय पुढं."

"कळतंय."

"तूच काढलंस ते वळण. मी महिनाभर त्याच्यासाठीच उशिरा ब्रेक मारायला शिकलो."

त्यानं पट्ट्याच्या टोकाकडे पाहिलं. पोत्यांवर आता जागाच उरली नव्हती. माणसं माणसांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसत होती. ती बाई अजून तिथंच होती. लेकरू झोपलं होतं.

"धरा झेंडा," तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं.

शर्यत सुटली. प्रत्येक चकरेत तो पट्ट्यावर पुढच्याला गाठायचा. आतली बाजू मोकळी दिसायची, आणि तो तिथंच वेग सोडून द्यायचा. पोत्यांवरून ओरडणं सुरू झालं. "अरे घाल ना आत! घाबरला काय?" एकानं त्याच्या दिशेनं मूठभर भुसा फेकला. शर्यत संपली तेव्हा माझा मित्र मागेच होता. पुण्याचा माणूस त्याआधीच आपल्या गाडीकडे निघाला होता. जाता जाता मला म्हणाला, "वेग आहे त्याच्यात. धाडस दिसलं नाही. पुढच्या वर्षी एकदा बघतो."

गर्दी पांगताना सगळीकडे एकच ऐकू येत होतं: दुसऱ्या फेरीत मजा आली, शेवटी काही राम नव्हता.

यंदाच्या शर्यतीसाठी क्लबची बैठक झाली, तेव्हा मी नवा आराखडा नेला. वळणाबाहेर पोत्यांऐवजी खोल चर, त्यामागे तारेचं कुंपण, आणि बसायला आतल्या बाजूला मातीचा उंचवटा, म्हणजे पुढच्यांच्या पाठी नाही, गाडीवाल्यांची तोंडं दिसतील. सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. चहा झाला. मग आप्पांनी ठरलेलं सांगितलं. वळण अजून आवळायचं. चर नको, शेतमालक जमीन खोदू देत नाही. उंचवट्याला माती कुठून आणायची? पोती बरी, लोकांना सवय झाली आहे. यंदा तीन थर लावू. आणि शर्यतीच्या दिवशी कुठलाही नियम बदलायचा नाही, हा नवा नियम; म्हणजे ऐनवेळी पिवळा झेंडाही नाही.

मी चराबद्दल पुन्हा बोललो. पुन्हा चहा आला.

परवा मित्राकडे गेलो होतो. तो अंगणात ब्रेकचे पॅड बदलत होता. मी त्याला बैठकीतलं सगळं सांगितलं, चराचं, तीन थरांचं, झेंड्याचं. त्यानं मान वर न करता ऐकून घेतलं.

"पुण्याचा माणूस येणार हाये," तो म्हणाला. "या टायमाला मी आधी ब्रेक मारणार नाय."