कशासाठी हवाय प्रोसेसर?

नाशिक रोडला माझं आणि मिलिंदचं कॉम्प्युटर असेंबल करून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला "कशासाठी हवाय?" एवढं विचारलं की एक किस्सा तयार! मिलिंदला सगळ्या प्रोसेसरच्या वेगाचे स्कोअर तोंडपाठ. बाजारात नवा स्वस्तातला आला की तो लावून बघेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नाही.

*

रिटायर झालेले कुलकर्णीकाका आले आणि सगळ्यात भारीतला मागू लागले. काम काय, तर मुलीशी व्हिडिओ कॉल आणि पत्ते. मिलिंदने स्वस्तातला बसवला आणि वाचलेल्या पैशांत मशीन झटपट सुरू करणारी एसएसडी टाकली. आठवड्याने काका तक्रार घेऊन हजर. पूर्वी बटण दाबून ते चहा ठेवायला जायचे.

"आता हा लगेच तयार असतो. चहाला उठू कधी?"

*

मुलीला घेऊन आलेल्या एका वडिलांनी मिलिंदला बाजूला घेतलं. अभ्यास होईल, पण गेम चालणार नाहीत असा प्रोसेसर तिच्यासाठी हवा, म्हणाले. ते फोनवर बोलायला बाहेर गेले, तेवढ्यात मुलीने बरोबर उलटं सांगितलं. मिलिंदने बजेटमधलाच, पण आतच ग्राफिक्स असलेला, म्हणजे गेमही चालतील असा दिला. महिन्याभराने वडील एकटेच आले.

"गेमचा अजून एक रिमोट द्या. ती मला खेळू देत नाही."

*

कळवणचा दिलीप लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याच्या जुन्या महागड्या प्रोसेसरपुढे आमचा नवा स्वस्तातला टिकणारच नाही, असं त्याचं म्हणणं. मग मिसळीची पैज लागली. दोन्ही मशीनवर एकाच लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला. शेजारचे दुकानदारही गोळा झाले. इकडे नवरा-नवरीचा व्हिडिओ तयार, तिकडे अजून हळदच चाललेली! दिलीपने मुकाट्याने मिसळ सांगितली. मग हळूच म्हणाला,

"घरी बोलू नका. जुना घेताना बायकोला सांगितलं होतं, याच्यापुढं काहीच नाही."

*

हरसूलच्या सविताताईंचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. त्यांना स्कोअर नकोच होता. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर कुठला जास्त वेळ चालेल, ते सांगा म्हणाल्या. असं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मिलिंद असा पेटला की त्याने तीन प्रोसेसर आळीपाळीने इन्व्हर्टरवर चालवून बघितले. सगळ्यात स्वस्त होता तोच सगळ्यात जास्त टिकला. ताई तो घेऊन गेल्या.

बारावीच्या निकालादिवशी त्यांचा फोन आला. गावात सकाळपासून लाइट नव्हती आणि प्रिंट काढायला सगळी मुलं त्यांच्याच दुकानात जमली होती. मशीन अजून चालू आहे, हे सांगायलाच त्यांनी फोन केला होता. मिलिंदने आनंदाने स्पीकर लावला.

"सगळ्या पोरांचे बघून झाले, दादा," त्या म्हणाल्या. "आता माझा नंबर टाकते. मी बी बसले होते यंदा, बाहेरून."

आम्ही दोघं फोनवर वाकलो. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला, मग तो थांबला. आणि एकदम पोरांच्या टाळ्या-शिट्ट्यांचा असा गलका उठला की फोनमधून ताईंचं बोलणंच ऐकू येईना.