म्हाताऱ्यांचा नवा अल्बम

चार्जमनकाका विलायतेतल्या म्हाताऱ्यांची खबर अशी ठेवत, की नवख्या माणसाला वाटावं, ही सगळी मंडळी जवाहरनगरच्याच क्वार्टरमध्ये राहतात. "त्याचा आवाज बसला हो या साली," किंवा "ड्रमवाल्याची कंबर गेली, पण बसते बिचारा अजून," असं ते चहा पिता पिता सांगायचे. कोणाची कंबर म्हणून विचारलं, तर पन्नास वर्षं जुन्या एखाद्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा पत्ता निघायचा. एकेक गाणं वीस-बावीस मिनिटांचं. मध्येच ताल बदलतो, मध्येच बासरी येते, मध्येच सगळं थांबून नुसती घरघर. सत्तरी ओलांडलेली ही माणसं अजून नवे अल्बम काढतात, हे मला काकांमुळेच कळलं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी कॉलनीच्या शाळेत शिकवायचे, नवरा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, काका तिथंच चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, आणि आमच्या दोन क्वार्टरमध्ये एकच भिंत. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून काका घरी आले, की भिंत बोलायला लागायची. तिसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं. मी सिहोऱ्याची आहे, भांडायला मला मुहूर्त लागत नाही. पदर खोचून गेले, तर काकांनी स्टूल पुढे सरकवलं. म्हणाले, "बसा मॅडम. अठरा मिनिटं राहिले. भांडण मंग करू." आता बोला! मी बसले. अठरा मिनिटांनी भांडायचं काय होतं, तेच आठवेना. काकूंनी माझ्यापुढे पोहे ठेवले आणि म्हणाल्या, गेली बाई तूही.

काकांचा एक नियम होता. कोणताही अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय वाईट म्हणायचा नाही. "पहिल्या खेपेले आवाज ऐकू येते, दुसऱ्या खेपेले बाजा, आन् तिसऱ्या खेपेले गाणं," असं ते म्हणत. ह्या नियमापायी मी काय काय सोसलंय! एका जपानी टोळक्याचा अल्बम होता, त्यात अर्धा तास एकच सूर हळूहळू जाड होत जातो. पहिल्यांदा ऐकताना मी चक्क बटाटे सोलत बसले. तिसऱ्यांदा मात्र तो सूर फुटून त्यातून चार सूर बाहेर पडले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त मांडीवर सात मात्रा मोजत राहिले. सातचा ताल त्यांनी मला भजनमंडळातल्या रूपकावरून समजावला होता. विलायतवाल्यांनी रूपकच धरलाय, फक्त सम लपवून ठेवलीय, असं त्यांचं मत.

जुन्याचे उमाळे त्यांना चालत नसत. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसनातले लोक भेटले की जुना पिंपळ, जुनी विहीर सुरू व्हायचे, आणि काका हळूच विषय बदलून ह्या वर्षी धान कसं आहे ते विचारायचे. बँडच्या बाबतीतही तेच. त्यांच्या वयाचे साहेबलोक म्हणायचे, ह्यांचं जुनं ऐकावं, आता काय राहिलंय त्यांच्यात? काका तेव्हा पेटत. त्यांच्या सगळ्यात लाडक्या बँडचा गायक आता वरचे सूर लावू शकत नव्हता. तर त्यानं नवं गाणं खालच्या पट्टीत बांधलं आणि जिथं पूर्वी तो ओरडला असता, ती जागा गिटारवाल्याला देऊन टाकली. "आवाज गेला तं गाणं खाली आणलं. गाणं नाही सोडलं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

मग एक वर्ष माझ्याकडे दहावीचा वर्ग आला. घरी पेपर तपासताना भिंतीतून येणारे ते सात मात्रांचे घाव सहन होईनात, आणि मी कुरकुर केली. काकांनी दुसऱ्याच दिवशी हेडफोन आणला. लाडक्या बँडचा नवा अल्बम त्याच आठवड्यात आला होता. तो त्यांनी पहिल्यांदाच कानाला लावून ऐकला, तीनदा, नियमानुसार. रविवारी मी गेले, तर चेहरा उतरलेला. म्हणाले, अल्बम पोकळ आहे, गिटारच नाही त्यात. म्हाताऱ्याची बोटं गेली असतील, बाकीच्यांनी सांभाळून घेतलं असेल. त्या दिवशी गाणं लागलं नाही. काकू म्हणाल्या, दोन दिवस धड जेवले नाहीत हे, त्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या बोटांपायी.

मला राहवेना. घरी जाऊन मी मोबाइलवर तोच अल्बम लावला, कानात इअरफोन घालून. कसलं काय! गिटार पहिल्या मिनिटापासून होती, डाव्या कानात, अशी मोकळी की मी स्वयंपाक सोडून उभी राहिले. मी धावतच गेले. काकांची चूक पकडायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती ना. "काका, गिटार आहे की! डाव्या बाजूला, अखेरपर्यंत," असं मी दारातूनच ओरडले.

काकांनी हेडफोन घातला, थोडं ऐकलं. मग तो काढून उलटा फिरवून घातला, डावं उजवीकडे. त्यांचे डोळे मोठे झाले. काय झालंय ते मला समजलं, आणि माझ्या ओरडण्याची मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. खोलीत स्पीकरवर गाणं वाजायचं तेव्हा दोन्ही बाजूंचं सगळं त्यांच्या एका चांगल्या कानात जात होतं. डावा कान कधीच गेलेला, हेडफोननं तो उघडा पाडला. काका शेवटी हसले. "म्हातारा वाजवून राहिला, मॅडम. मीच नाही ऐकून राहिलो." आणि खरं सांगते, त्या क्षणी त्यांना आनंद झाला होता. त्या माणसाची बोटं शाबूत निघाली म्हणून.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, उजवाही जाणार, घराण्यातलंच आहे. काकांच्या वडिलांनाही साठीनंतर ऐकू येत नव्हतं. किती दिवस, ते मात्र डॉक्टर सांगू शकले नाहीत. परत आल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं? सोल्डरिंगची कांडी काढून हेडफोनच्या दोन्ही बाजू एकाच कानात जोडून टाकल्या. दुसरं काम, जुने अल्बम पेटीत भरून माळ्यावर टाकले. काकूंना वाटलं, रागानं. मी विचारलं, काहून, आता तर आवडीचं ऐकायचे दिवस. तर म्हणाले, "जुनं मले पाठ आहे. बहिरा झालो तरी डोक्यात वाजन. नवं ऐकून ठिवा लागते."

आणि ठेवलं त्यांनी. दीड-दोन वर्षं दर आठवड्याला नवा अल्बम, तीन खेपा. पुढं पुढं आवाज इतका वाढवावा लागे की हेडफोन कानावर असतानाही मला माझ्या खोलीत सात मात्रा ऐकू येत. मी पुन्हा कधी कुरकुर केली नाही. उलट भिंत गप्प असली की मलाच धास्ती वाटायची. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते पुनर्वसनातल्या घरी राहायला गेले. सामान ट्रकवर चढताना काकू रडत होत्या, आणि काका मला बाजूला घेऊन सांगत होते, आइसलँडवाल्यांचा अल्बम येऊन राहिला पुढच्या महिन्यात, विसरू नका.

मागच्या वर्षी उजवा कानही बसला. नागपूरला कानामागे यंत्र बसवून आणलं. त्यानं बोलणं जेमतेम कळायचं, पण संगीत म्हणजे परातीवर गोटे पडल्यासारखं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गाण्याची आशा धरू नका. नेमका त्याच दिवसांत लाडक्या बँडचा अल्बम आला. शेवटचा म्हणत होते सगळे. मी सुट्टी काढून पवनीच्या बसनं त्यांच्या पुनर्वसनातल्या घरी गेले. जाताना मनात एकच होतं, हे मी त्यांच्यापुढे लावू कशी?

लावलं. काकांचा चेहरा दातदुखी झाल्यासारखा झाला. काकू कळवळल्या, काढा म्हणाल्या ते यंत्र, कायले जिवाले त्रास देता? काकांनी बोट वर केलं, थांब म्हणून. पहिली खेप संपली. दुसरी लावायला सांगितली. दुसऱ्या खेपेला बोटं मांडीवर हलली, सात सापडले होते. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडेच बघत होते. गायक थांबला, त्याच्या जागी गिटार आली. अशी आली की मला रडू फुटलं, आणि समोर बसलेल्या त्या माणसाला ती आल्याचा पत्ताच नव्हता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "काका, आता. आता आली गिटार."

त्यांनी माझा हात बाजूला केला. रागावलेच. "सांगू नोका. मले ऐकू द्या."

गिटार संपली तेव्हाही ते ऐकतच होते. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. चार वाजताची बस मी जाऊ दिली, पण पाचची शेवटची होती, ती धरावी लागली. अंगणातून बाहेर पडताना मागून तेच गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. बसमध्ये मी डोळे पुसत होते आणि स्वतःवरच चिडत होते, कशाला आणून दिलं मी हे त्यांना म्हणून.

अडीच महिन्यांनी, शाळेत मधली सुट्टी चालू असताना, मोबाइलवर काकांचा मेसेज आला. वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. त्यांनी लिहिलं होतं : "सापडली. पण लवकर थांबवली त्यानं. पुढच्या अल्बममध्ये जास्त पाहिजे."