बांधाचा कर आणि बंद घर

आमच्या गावात नदीकाठी पूर अडवणारा बांध झाला त्या वर्षी मी दोह्यात एकटाच होतो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिच्याबरोबर पुण्याला गेली होती. फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीच्या आवाजाला सोबत म्हणून मी टीव्ही लावून ठेवायचो. आई-वडील गेल्यापासून गावचं घरही बंदच होतं. किल्ली शेजारच्या काकूंकडं असायची, त्या अधूनमधून झाडून घ्यायच्या.

बांध बांधून झाला, पण त्याची देखभाल कशी करायची यावर नगरपालिकेनं शाळेत सभा बोलावली. घरपट्टीबरोबर दरवर्षी बांधाचा वेगळा कर घ्यावा, असा प्रस्ताव होता. सभा रविवारी होती, आणि इथं रविवार कामाचा. मी अल रय्यानला एका अंडरपासच्या पंपहाउसवर होतो. पावसाचं पाणी उपसणाऱ्या पंपांची देखभाल हेच माझं काम. शेजारच्या काकांनी व्हिडिओ कॉल लावून फोन सभेसमोर धरला.

वरच्या आळीतले लोक तापले होते. "आमच्यात पाणी येतच नाही, मग कर कशाला?"

"तू पाण्याचंच काम करतोस की तिकडं," काका मला म्हणाले. "सांग यांना."

मी सांगितलं, की नदी चढली की बांधात ओढ्याच्या तोंडाशी बसवलेलं लोखंडी दार बंद करावं लागणार. मग गावात पडणारा पाऊस आतच तुंबणार. ते पाणी उपसायला पंप लागतील आणि ते चालू स्थितीत ठेवावे लागतील. "इथं पाऊस क्वचितच पडतो, तरी आम्ही पंप नेमानं चालवून बघतो. दार गंजलं, पंप बंद पडला, तर बांध असून नसल्यासारखाच. आणि बाजार खाली आहे. तो बुडाला तर वरच्या आळीनं किराणा कुठून आणायचा?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ज्यांची घरं बंद, त्यांनी कशाला शिकवावं?"

स्क्रीनवर शाळेचं छत दिसत होतं. काकांचा हात खाली गेला असावा. तेवढ्यात काकूंचा आवाज आला. "बंद असलं तरी पट्टी भरतोय तो. आणि पाणी काय कुलूप बघून माघारी जातंय व्हय?"

हशा पिकला. थोड्या वेळानं कर मंजूर झाला, पण वरच्या आळीला कमी दरानं. मला ते पटलं. माझा मल्याळी सहकारी दारातून "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. मी फोन खिशात टाकला आणि पंप चालू केला.

पुढच्या ऑगस्टमध्ये नदी चढली. शुक्रवार होता, सुट्टी. दिवसभर मी गावाकडचे व्हिडिओ बघत बसलो. खिडकीच्या काचा दमट हवेनं बाहेरून घामेजल्या होत्या. दुपारी काकूंचा फोन आला.

"दार लावलंय ओढ्याचं. पंप चाललेत. तुझ्या घरात टिपूस नाही बघ."

मी लगेच मुलीला फोन केला. "अगं, आपलं घर कोरडं राहिलं!"

"दॅट्स नाइस, बाबा," ती म्हणाली. तिचा क्लास सुरू होणार होता. खरं तर त्या घरात ती राहिली होती तरी किती!

कोरडं राहिलं, पण कुणासाठी, असं माझ्या मनात आलं. सगळीच घरं अशी रिकामी असती, तर बांध तरी कशाला घातला असता?

संध्याकाळी काकूंचा पुन्हा फोन आला. "पंपावरची माणसं सकाळपासून पावसात उभी आहेत रे. तुझं घर जवळ पडतंय. उघडू का? चहा करते तिथंच."

"विचारता काय काकू? उघडा. कपाटात आईची पांघरुणं आहेत, तीही काढा."

फोन ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. दार करकरलं. चपला काढल्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणालं, "अरे, पाय पुसून या, फरशी स्वच्छ आहे." कपबश्या वाजल्या.

मी टीव्ही बंद केला आणि ऐकत बसलो.