पाळकसाहेबांची पंधरा मिनिटं

"आवाज इतका कसा सुधारला?" मी जरा संशयानेच विचारलं.

समोर पाळक साळवे बसले होते. पाळक म्हणजे चर्चचे पास्टर. दक्षिण नागपुरातल्या एका मराठी मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचं, सगळं काम ते एकटे बघत. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या घशातून नुसती खरखर येत होती. आता आवाज स्वच्छ होता. पेशंट एवढ्या लवकर बरा झाला की मला आनंदाआधी शंका येते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धंतोलीत माझं छोटं क्लिनिक आहे. मी फक्त तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते असं लोकांना वाटतं. तेही करते, पण माझे निम्मे पेशंट बोलून बोलून घसा बसवून घेतलेले असतात. शिक्षक, कीर्तनकार, कळमन्याच्या बाजारात बोली पुकारणारे. घशात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात. फावड्याने हाताला घट्टे पडतात तशा जोरजोरात बोलून त्यांच्यावर गाठी येतात. पाळकसाहेबांना त्याच आल्या होत्या.

लवकर लक्षात आल्या तर बहुतेक गाठी बिनऑपरेशनच्या जातात. आधी काही दिवस पूर्ण मौन. मग दिवसाला पंधरा मिनिटं बोलायची मुभा. याला आम्ही व्हॉइस बजेट म्हणतो. कुजबुजायचंही नाही, कारण त्यानेही तंतूंवर ताण येतो. हे बजेट कोणीच पाळत नाही. सगळे माझ्यासमोर खोटं बोलतात, तेही बसलेल्या आवाजात.

"रोजची पंधरा मिनिटंच वापरलीत? खरं सांगा."

"तेवढीसुद्धा खर्च झाली नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "बोलायला कोणी आलंच नाही."

एरवी त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग असायचा. कोणाचा मुलगा दारू पितो, कोणाच्या मुलीचं जमत नाही, कोणाचं ऑपरेशन आहे. प्रत्येकाला पाळकांनी ऐकायला हवं आणि मोठ्याने प्रार्थना करायला हवी. त्यांना बोलायला बंदी आहे हे कळल्यावर सगळ्यांनी समजूतदारपणे येणं थांबवलं. साहेबांना त्रास नको. डबा मात्र रोज यायचा. कोणीतरी तो फाटकाला अडकवून जायचं आणि संध्याकाळी रिकामा घेऊन जायचं. बेलसुद्धा वाजवायचं नाही.

"काल दिवसभरात काय बोललात?"

त्यांनी आठवून पाहिलं. "दूधवाल्याला म्हणालो, अर्धा लिटर. तो म्हणाला, रोजचंच ना? आता तेही सांगावं लागणार नाही."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी मनीषनगरला फ्लॅटचं कुलूप उघडताना माझ्या लक्षात आलं की सकाळपर्यंत माझंही बजेट शिल्लकच राहणार आहे.

पण आवाज सुधारला म्हणजे काम संपलं असं नाही. सवय बदलली नाही तर गाठी परत येतात. म्हणून पुढचा टप्पा असतो साध्या आवाजात साध्या गप्पा मारण्याचा. पाळकसाहेबांकडे दोनच आवाज होते. एक व्यासपीठावरचा आणि एक मयताच्या घरचा. मी त्यांना चहा कसा करतात ते सांगायला लावलं. तिसऱ्या वाक्याला ते शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवत होते.

"घरी कोणाशी गप्पा मारता?"

"पत्नी होती तोवर तिच्याशी. ती जाऊन तीन वर्षं झाली." हे त्यांनी मयताच्या घरच्या आवाजात सांगितलं. जणू सांत्वन माझंच करत होते. मूलबाळ नव्हतं. नातेवाईक सगळे नगरकडे.

"सराव झाला नाही तर ऑपरेशन. आणि नंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची मी हमी देत नाही."

"मग मंडळी दुसरा पाळक बघेल," ते शांतपणे म्हणाले. "मी राहतो तो बंगलाही मंडळीचाच आहे."

दुसऱ्या दिवशी मंडळीचे सेक्रेटरी वानखेडे यांचा फोन आला.

"मॅडम, पाळकसाहेबाच्या सेवेले पंचवीस वर्षं होऊन राहिले. सत्कार ठेवला आहे. शाल, मानपत्र, जेवण. त्या रविवारी त्यायले अर्धा तास बोलू द्या न."

"स्वतःच्या सत्कारात तेच बोलणार?"

"मंग? सुरुवातीची प्रार्थना, जेवणाची प्रार्थना, शेवटचा आशीर्वाद. पाळक समोर असताना दुसऱ्यानं केली तर बरं दिसत नाही."

म्हणजे नवरदेवानेच पंगतीत वाढायचं. मी म्हटलं, "शालीचं नंतर बघू. रोज संध्याकाळी एक माणूस पाठवा. पंधरा मिनिटं गप्पा मारून जाईल असा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

"पाळकाच्या घरी जाऊन नुसत्या गप्पा कशा मारायच्या, मॅडम? प्रार्थना घेतल्याशिवाय उठता येते काय?"

माणूस प्रामाणिक होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

तरी त्यांनी पाळ्या लावल्या. लोक आले, आणि येताना आपापली दुखणी घेऊन आले. आठवड्याने पाळकसाहेब पुन्हा खरखरत क्लिनिकमध्ये हजर. मला राग आला. त्यांच्यावर नाही, त्या सगळ्या भल्या माणसांवर. मी वानखेड्यांना नवा नियम दिला. येणाऱ्याने आपलं दुःख फाटकाबाहेर ठेवून यायचं. प्रार्थना हवीच असेल तर त्यानेच करायची.

मग हळूहळू लोक यायचे बंद झाले. दुःख बाजूला ठेवल्यावर पाळकाशी काय बोलायचं हे कोणाला माहीत नव्हतं. उरल्या फक्त शेवंताबाई. दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या, माहेर काटोलकडचं. सराव कसा चाललाय ते बघायला मी एकदा बंगल्यावर गेले, तर ओसरीवर तुरीच्या शेंगांची पिशवी ओतलेली आणि दोघं समोरासमोर बसून सोले काढत होती.

"काहून इतक्या जोरानं बोलता, पाळकसाहेब? मी भहिरी थोडीच आहो."

"बरं, हळू बोलतो."

"आन् शेंग अशी नाही सोलत. तीन वर्षं काय खाल्लं तुमी?"

"जे डब्यात आलं ते," पाळकसाहेब म्हणाले.

आवाज एकदम साधा आला. त्यात उपदेश नव्हता की सांत्वन नव्हतं. हाच आवाज मी महिनाभर शोधत होते. मी फाटकातूनच परत फिरले. आत गेले असते तर ते उठून उभे राहिले असते आणि आवाज पुन्हा व्यासपीठावर चढला असता.

सत्काराला मला आमंत्रण होतं. मी मागच्या बाकावर बसले. पाळकसाहेब फक्त दोन वाक्यं बोलतील असं आमचं ठरलं होतं. शाल घातली, हार घातला, मानपत्र वाचलं. 'अखंड सेवा', 'अथक परिश्रम' असं बरंच काही त्यात होतं. मग वानखेडे माईकवर आले आणि सवयीने म्हणाले, "आता पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करतील."

सगळे डोळे मिटून उभे राहिले. पाळकसाहेबांनी माईक घेतला. मी बाकावरून हात हलवत होते, पण बघायला कोणाचे डोळेच उघडे नव्हते. एवढ्या माणसांत तो माणूस किती एकटा उभा होता ते तेव्हा मला दिसलं. त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

"थांबा," बायकांच्या बाजूने आवाज आला. शेवंताबाई पुढे गेल्या आणि त्यांच्या हातातून माईक घेतला. "काहून गा वानखेडे, त्यायचा सत्कार आहे न? मंग त्यायले बसू द्या."

पाळकसाहेब बसले. शेवंताबाईंनी डोळे मिटले.

"बापा, हा मानूस आमच्या सगळ्यायसाठी तुह्याजवळ बोलते. याच्यासाठी कोनी बोलत नाही. हा एकटाच जेवते, बापा. आमी याले डबा देतो आन् फाटकातून निघून जातो. आमाले अक्कल दे. आमेन."

आमेन म्हणायला मंडळीला जरा उशीर झाला. वानखेडे चष्मा काढून पुसत बसले. पाळकसाहेब शालीत मान घालून बसले होते. ठरलेली दोन वाक्यंही ते बोलले नाहीत. मला ते चाललं.

पुढच्या तपासणीत गाठी गेलेल्या निघाल्या. त्या साध्या आवाजात ते आता संदेशही, म्हणजे रविवारचं प्रवचनही, देतात. मागच्या बाकावरच्यांना नीट ऐकू येत नाही अशी तक्रार आहे. त्यांना पुढे बसायला सांगितलंय. डबा आता फाटकाला लटकत नाही. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा कोणीतरी तो घेऊन आत येतं आणि जेवण होईपर्यंत बसतं. बाकीचे दिवस त्यांचे त्यांनाच काढायचे असतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. नव्या पेशंटला मी आधी विचारायचे, दिवसात किती बोलता? आता विचारते, कोणाशी बोलता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला लोक बराच वेळ घेतात.