वरच्या माळावरची सायकल

दत्ता गेल्याचं मला दहिवलीच्या पुलावर कळलं. मी काही कामानं सकाळी तिकडं निघालो होतो. समोरून त्याचा थोरला भाऊ चालत येत होता, अनवाणी. मी सायकलवरून उतरलो. तो म्हणाला, "दत्त्या गेला रं. पहाटं छातीत कळ आली. डॉक्टरला आणंपर्यंत बी थांबला नाय." एवढं सांगून तो पुढं गेला, त्याला अजून बऱ्याच घरी निरोप द्यायचा होता. मी सायकल कठड्याला टेकवून उभा राहिलो. खाली उन्हाळ्यातली नदी दगडांमधून वाट काढत होती. मला रडू आलं नाही. डोळ्यांसमोर आला तो जळक्या गवताचा एक मोठा काळा माळ, आणि त्याच्यावरून लांब लांब जाणारी एक सायकल... तिचा आवाज येत नव्हता.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. दत्ता दहिवलीच्या भातशेती करणाऱ्या घरातला, सगळ्यात धाकटा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मॅट्रिकनंतर मी कर्जतला एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागलो आणि तो घरच्या शेतात राहिला. तेव्हापासून तो मला 'कारकून' म्हणू लागला, ते शेवटपर्यंत. आमच्या दोघांकडंही काळ्या, जड सायकली होत्या. त्या काळी आमच्याकडं सायकल म्हणजे कामाची वस्तू. तिच्यावरून दूध जायचं, भाताचं पोतं जायचं, पाहुणा स्टेशनला जायचा. रविवारी उगाच डोंगराच्या पायथ्याला सायकली घेऊन हिंडणारे माझ्या माहितीत आम्ही दोघंच. पळसदरीच्या पुढं एखाद्या वाडीत थांबलो की लोक विचारायचे, "कोनाकडं आलाव?" दत्ता सांगायचा, "कोनाकडं नाय." "मंग काय इकायला आलाव?" "काय नाय." मग माणसं जरा लांब उभी राहून आमच्याकडं बघायची. एकदा एकाने आम्हाला धरणाची मोजणी करणारे समजून आपल्या शेताची हद्द नीट दाखवून दिली. दत्तानेही ती शांतपणे पाहून घेतली.

सामान बांधण्यात त्याला विलक्षण गोडी होती. पंप दांड्याला, पाना आणि टायर काढायचे दोन चपटे दांडे सीटखालच्या पिशवीत, तिच्यातच रबराची ठिगळं, सोल्यूशनची ट्यूब आणि काचकागद. भाकऱ्या कॅरिअरवर. सगळं जुन्या सायकल ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळलेलं. सुतळी वाटेत सैल पडते, ही पट्टी पडत नाही. पाण्याचं मात्र कधी नीट जमलं नाही. बाटल्या फुटायच्या, कळशी हिंदकळून रिकामी व्हायची. हिवाळ्यात त्याचं काही वाटायचं नाही, कारण ओढ्यांना पाणी असायचं. त्या सकाळी आता आठवतात त्या एकात एक मिसळून... धुकं, कापलेल्या भाताच्या खुंटांवर दंव, पुढं दत्ताची पाठ, आणि त्याच्या चाकाची बारीक खरखर.

वरच्या माळाचं त्याच्या मनात कधी आलं ते मला सांगता येणार नाही. कर्जत आणि खालापूरच्या हद्दीवर एक डोंगर आहे, त्याचा माथा सपाट आहे. खालून तो आखलेल्या रेघेसारखा दिसतो. दत्ता म्हणायचा, "कारकून, त्या रेघंवरनं सायकल चालवायची एकदा." मी म्हणालो, जाऊ की. पण हे बोलण्याइतकं सोपं नव्हतं. पावसानंतर त्या माळावर माणूस बुडेल एवढं गवत असतं. ते कापून, राहिलेलं जाळून माळ मोकळा व्हायला शिमगा उजाडतो. आणि शिमग्यापर्यंत वरचा झरा आटलेला असतो. म्हणजे पाणी असतं तेव्हा सायकल चालत नाही आणि सायकल चालेल तेव्हा पाणी नसतं. पाणी न्यायचं तर खालून न्यायचं, आणि चढ असा की सायकलसुद्धा खांद्यावर घ्यावी लागते.

हे असंच वर्षानुवर्षं बोलण्यात राहिलं असतं. पण त्या वर्षी दत्ताला खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पाडव्यानंतर हजर व्हायचं होतं. घरात सगळे खूश होते, तोही होता. फक्त मला म्हणाला, "एकदा कारखान्याची पाळी सुरू झाली का रविवार आपला ऱ्हानार नाय रं. माळ राहिला तर राहिलाच." असं बोलताना तो हसत नव्हता, हे मला आठवतं.

शिमगा झाल्यावरच्या रविवारी आम्ही निघालो, दोघं दोन सायकली घेऊन. पाण्यासाठी त्याने नवी कोरी छागळ आणली होती. ट्रकवाले पुढं टांगतात ती जाड कापडाची पाण्याची पिशवी. कापड भिजलेलं राहतं, वारा लागतो, पाणी गार होतं. फक्त नवी छागळ आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवावी लागते. धागे फुगले की मगच ती पाणी धरते. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही ती सकाळीच भरली आणि त्याच्या हँडलला अडकवून निघालो. मी मागून चाललो होतो. धुळीत त्याच्या चाकाशेजारी थेंबांची एक ओळ पडत होती, सारख्या अंतरावर, जशी कुणी टीप घालत जावी. मला ती ओळ फार सुंदर वाटली. ते आपलं पिण्याचं पाणी चाललं आहे, हे निम्मा चढ संपेपर्यंत दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सायकली खांद्यावर घेऊन आम्ही एका झाडाखाली टेकलो तेव्हा छागळ चपटी झाली होती. वरून ठाकरवाडीच्या तीन बाया मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्यांनी मोळ्या दगडाला टेकवल्या आणि आमच्याकडं बघून पदर तोंडाला लावले. त्यातली एक म्हातारी होती, बुधीबाई म्हणायचे तिला. ती म्हणाली, "काय रं पोरांनो, सायकल तुमाला नेती का तुमी सायकलीला?"

दत्ता म्हणाला, "आज ती दमलीय, मावशे."

"मंग पाजा तिला पानी."

"आमालाच नाय."

यावर त्या तिघी जोरात हसल्या. पण लगेच बुधीबाईने कमरेचा वाळक्या दुध्याचा भोपळा काढून दिला. त्यात तळाशी थोडं पाणी होतं. आम्ही ते प्यालो. दत्ताने तिला माळाचं सगळं सांगितलं, गवताचं, पाण्याचं, खोपोलीच्या नोकरीचं. ती मान हलवत ऐकत होती. मी त्या मोळ्यांकडं बघत होतो. सहज माझ्या तोंडून निघालं, "यांचं ओझं सगळं खाली येतं. वर जाताना यांची डोकी मोकळीच असतात." दत्ताने माझ्याकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं.

"मावशे, येत्या ऐतवारी येक मडकं वर न्येशील?"

"आनि मला काय?"

"तुला सायकलीवं फिरवतो. माळावं."

बाकीच्या दोघी पुन्हा हसायला लागल्या. बुधीबाई हसली नाही. ती म्हणाली, "बघ हां. मी बसनार. मंग नाय म्हनायचं नाय."

त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो. पुढचा रविवार हा पाडव्याआधीचा शेवटचा. या वेळी मी साधा विचार केला. एका सायकलचं वजन वीस किलोच्या आसपास, दोघांनी दोन नेण्यात काही अर्थ नाही. माझी खाली वाडीत ठेवली आणि त्याची आळीपाळीने खांद्यावर घेतली. पाणी वर असणार म्हणून अंगावर ओझं नव्हतं. ऊन चढायच्या आत आम्ही माथ्यावर आलो.

त्या माळाचं वर्णन मला नीट करता येत नाही. सगळा काळा. वर आभाळ जवळजवळ पांढरं. वारा एकसारखा, त्यात राखेचा वास. एका कडेला खाली पळसदरीच्या तलावाचं पाणी नाण्याएवढं चमकत होतं, दुसऱ्या कडेला खालापूरची शेतं आणि त्यांच्या पलीकडं खोपोलीची धुरांडी. दत्ताने धुरांड्यांकडं एकदाच पाहिलं. एका अंजनीच्या झुडपाखाली मडकं होतं, तोंडावर पळसाची पानं आणि पानांवर दगड. तिघी लाकडं गोळा करून आमची वाट बघत बसल्या होत्या. पाणी सगळेच प्यालो. मग दत्ता सायकलवर बसला आणि निघाला...

तो फार लांब गेला नाही. जळलेल्या गवताचे खुंट खिळ्यांसारखे टोकदार असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मागचं चाक बसलं. तो सायकल ढकलत परत आला, त्याने चाक काढलं, टायर उकलला, ट्यूब बाहेर घेतली, हवा भरली. छिद्र बारीक होतं. सापडेना. अशा वेळी ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. मडक्यात तळाशी थोडं पाणी राहिलं होतं, पण मडक्याचं तोंड अरुंद, ट्यूब आत जाईना. जमिनीत खळगा करून ओतलं तर जमीनच प्यायली असती. पाच माणसांना भर उन्हात उतरायचं होतं. मी म्हणालो, "दत्ता, हे पाणी राहू दे. उतरून जाऊ." मला तेच बरोबर वाटत होतं, आजही वाटतं.

बुधीबाई म्हणाली, "वत रं बाबा. आमी खाली जाऊन पिऊ."

दत्ता म्हणाला, "नाय मावशे. प्यायचं पानी हाय ते."

तो तसाच बसून राहिला. मग त्याने ट्यूब उचलली, डोळे मिटले आणि ती पापण्यांजवळ धरून हळूहळू फिरवायला लागला. कुठं बारीक हवा लागते का, ते पापणीला कळतं. पण माळावर वारा. त्याच्या चेहऱ्याला सगळीकडून हवाच लागत होती. "वारा थांबंना," तो म्हणाला, जणू कुणाची तक्रार सांगावी तसं. तेव्हा बुधीबाई उठली आणि वाऱ्याच्या अंगाला जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर पसरला. दुसऱ्या दोघी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मीही राहिलो. आमच्या पाठीवर वारा आपटत होता, पदर शिडासारखे फुगत होते, आणि मधे दत्ता डोळे मिटून बसला होता. ट्यूब त्याच्या तोंडापुढून फिरत होती. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मला झोप यावी तसं वाटत होतं. मग त्याचे हात थांबले. डोळे न उघडताच त्याने एक बोट ट्यूबवर ठेवलं. "हितं," तो म्हणाला.

ठिगळ लागलं. त्याने आधी बुधीबाईला कॅरिअरवर बसवलं. ती एका बाजूला पाय सोडून बसली, एका हाताने त्याचा सदरा धरून. या वेळी तो गुरांच्या पायवाटेने गेला, तिथं खुंट नव्हते. ते दोघं लहान होत होत माळाच्या टोकापर्यंत गेले. तिकडून वळले. जवळ आले तेव्हा तिचं ऐकू आलं, "हळू रं... हळू रं..." पण ती उतरायला तयार नव्हती. दुसरी चक्कर झाली. नंतर तो एकटा गेला. ती चक्कर खूप मोठी होती. आभाळाच्या कडेने तो जात राहिला, आणि आम्ही चौघं मोळ्यांशेजारी बसून बघत राहिलो. परत आल्यावर त्याने मला सायकल दिली आणि म्हणाला, "जा. आता तू." मी गेलो.

पाडव्यानंतर तो कारखान्यात रुजू झाला आणि म्हणाला होता तसंच झालं. पाळ्या, जादा काम, मग लग्न, मुलं. माझंही तेच. आम्ही बाजारात भेटायचो, लग्नाकार्यात भेटायचो. दोन-तीन वर्षांनी बुधीबाई वारल्याचं त्यानेच मला सांगितलं. माळावर पुन्हा जाऊ असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विषय काढला नाही. राहून गेलं असं त्याला वाटत नव्हतं. त्याच्या दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "कारखान्यातनं आलं का वाटंकडच्या खिडकीत बसायचं. डोंगराकडं बघत. मी इचारलं, काय बघताय, तर म्हनायचं, मी तितं जाऊन आलोय."

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या सायकलचं चाक बसलं. मी अंगणात ट्यूब काढून बसलो. शेजारी बादली भरलेली होती, नळाला पाणीही होतं. मी ट्यूबमध्ये हवा भरली आणि डोळे मिटून ती पापण्यांजवळ धरली. बायको बाहेर आली. "बादली भरून ठेवलीय की," ती म्हणाली. "डोळे मिटून काय शोधताय?"

डोंगराकडून वारा सुटला होता. मी तिला म्हणालो, "जरा इकडं, वाऱ्याच्या बाजूला उभी राहा."

 ती येऊन उभी राहिली.