सासऱ्याचे डोळे

त्या गल्लीत त्याला सगळे जावईबापू म्हणत. सासरा तशी हाक मारायचा, म्हणून दुकानात येणारी गिऱ्हाइकं म्हणू लागली. मग समोरचा घड्याळवाला, मग कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. एकदा बँकेत त्याचं खरं नाव पुकारलं, तर हा बाकावर ढिम्म. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दचकून उठला. घरी येऊन त्याने हा किस्सा हसत हसत सांगितला. बायको मात्र हसली नाही.

लग्नाआधी तो पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्राचे सुटे भाग कागदावर उभे, आडवे, कापून दाखवायचे, हे त्याचं काम. ते त्याला मनापासून आवडायचं. सासऱ्यांचं दुकान होतं जुन्या हत्यारांचं. लांबोळकी, अरुंद खोली; दोन्ही भिंतींवर मुठी वर आणि टोकं खाली अशा टांगलेल्या तलवारी, काचेच्या पेटीत कट्यारी आणि खंजीर, आणि सगळीकडे तेलाचा जुनाट वास. पातं कुठल्या मुलखात घडलं, मूठ कुठे बसवली, मागाहून कुणी काय डागडुजी केली, हे ओळखण्यात सासरेबुवांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "गेलं ते गेलं. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू." उरलेलंही टिकलं नाही. घरात दुसरं माणूस नव्हतं. मुलगी एकुलती एक. "थोडे दिवस या दुकानात," सासरे म्हणाले. जावयाने कारखान्यातून रजा घेतली आणि तो बायकोसह सासऱ्यांच्या घरी राहायला आला. ते थोडे दिवस काही केल्या संपेनात. रजा संपली, बिनपगारी रजा संपली, आणि एक दिवस कारखान्याने त्याच्या टेबलाशी दुसऱ्याला बसवलं.

सासऱ्यांची अट एकच होती. डोळे गेल्याचं कुणाला कळता कामा नये.

"आंधळ्या पारख्याकडे कोण येईल?" ते म्हणाले होते. "बाजारात माणूस पडला की लोक उचलायला येत नाहीत, जावईबापू, तुडवायला येतात."

मग दोघांनी मिळून एक युक्ती बसवली. सासरे टेबलामागे गडद चष्मा लावून बसत. ऑपरेशननंतर उजेड सोसत नाही, असं सांगत. गिऱ्हाइकाने तलवार आणली की जावई ती घेई आणि फडक्याने पुसू लागे. बघण्यासारखं काही असेल तिथे फडकं थांबे, आणि सासऱ्यांचं बोट बरोबर तिथे जाई. बाकीचं बोलण्यातून. "तेल लावू का?" म्हणजे पोलादात पाण्यासारख्या लाटा दिसताहेत, पातं उंची आहे. "फडकं बदलतो" म्हणजे मूठ एका घरची, पातं दुसऱ्या घरचं. आणि "चहा सांगतो" म्हणजे माल बनावट. ऐकून झालं की सासरे तलवार तळहातावर तोलत, मुठीवरून अंगठा फिरवत आणि निकाल देत. गिऱ्हाईक मान डोलावून त्यांच्याकडे बघत राही. जावई फडक्याची घडी घाली.

एक जुना व्यापारी एकदा हसत म्हणाला, "काय हो, मी कधी चांगला माल आणला की तुम्ही चहासुद्धा विचारत नाही! वाईट आणला की बशीभर बिस्किटं!" त्या दिवशी दोघांना घाम फुटला. पुढे काही दिवस येईल त्याला चहा पाजावा लागला आणि बनावट मालासाठी नवा शब्द शोधावा लागला. पण सासऱ्यांच्या डोक्यात जुनाच बसलेला, म्हणून पुन्हा चहावर आले.

सुरुवातीला जावयाला यात गंमत वाटली. ड्राफ्ट्समनची नजर होतीच. रेषा कुठे सरळ आहे, कुठे हात हललाय, हे त्याला उपजत कळे. हळूहळू सासऱ्यांनी शिकवलेलं संपलं आणि त्याचं स्वतःचं दिसू लागलं. पंचाईत तिथूनच सुरू झाली. त्याला जे दिसे ते सासऱ्यांना पटलं नाही, तर भांडणार कसं? तीन-चार ठरलेल्या वाक्यांत वाद घालता येत नाही. तो म्हणे, "फडकं बदलतो." सासरे म्हणत, "असू दे, हेच चालेल." तो पुन्हा म्हणे, "मळलंय हो, बदलतोच." सासरे म्हणत, "जावईबापू, एवढी स्वच्छता बरी नव्हे." आणि निकाल देऊन मोकळे होत. जेवताना त्याने विषय काढला की सासरे भाकरीचा तुकडा मोडत म्हणत, "तुम्ही बघता. मी ओळखतो. फरक आहे."

घड्याळवाल्याला आतली गोष्ट माहीत नसावी, तरी एकदा तो म्हणाला, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. तुम्ही कसे राहता?"

"एक तलवार आहे," जावई म्हणाला. "दुसरं फडकं आहे."

मधे कारखान्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला. नवा विभाग उघडत होते, ये म्हणाले. तो दिवसभर आनंदात होता. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जा ना. मी कुठे अडवलंय?"

"आणि बाबा?"

"तेच म्हणतेय मी. बाबांना काय सांगायचं ते तू सांग. माझ्याच्याने होणार नाही."

त्याच्याच्यानेही झालं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्याने साहेबांना नकार कळवला आणि नंतर बरेच दिवस शटर वर करताना त्याला वाटायचं, आपण आत जाण्यासाठी नाही, आपल्यालाच आत घालण्यासाठी हे उघडतोय.

अशातच एक दिवस कर्नलसाहेब आले. सासऱ्यांचे जुने स्नेही. लष्करातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. काठी टेकत आले आणि लांब पिशवीतून एक तलवार काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"तुझ्याकडूनच घेतलेली," ते सासऱ्यांना म्हणाले. "आता मागे सांभाळणारं कुणी नाही. संग्रहालयाला द्यायचं ठरवलंय. ते विचारतात, कुठली आहे. तू तेव्हा सांगितलं होतंस, पातं परदेशी, मूठ इथली. तेच पुन्हा एकदा नीट सांग."

जावयाने तलवार हातात घेतली. मूठ इथलीच होती, सुरेख. पात्यावर धावत्या लांडग्याचा ठसा होता. दूरदेशच्या एका शहरातले कारागीर तो ठसा मारत आणि त्यांच्या पात्यांना फार मान होता. मान होता म्हणूनच गावोगावचे लोहार त्याची नक्कल करत. त्याने फडकं पुढे सरकवलं. पात्याच्या मधून टोकाकडे जाणारी लांब खाच त्याने उजेडात तिरकी धरली. तिकडे धारेच्या फिरत्या चाकावर काढलेली खाच पट्टीने आखल्यासारखी जाते. ही जात नव्हती. मधेच बारीक डगमगे, पुन्हा सावरे. कुणीतरी हाताने, छिन्नीने तासत तासत आणलेली. लांडगाही जवळून पाहिला तर लांडगा नव्हता. न पाहिलेल्या प्राण्याचं कुणी ऐकीव चित्र काढावं तसा तो दिसत होता. कुत्रा आणि बकरी यांच्या मधलं काहीतरी.

तलवार जुनी होती यात शंका नाही. पण पातं परदेशी नव्हतं. म्हणजे डोळे शाबूत असताना सासऱ्यांनी ती चुकीची ओळखली होती.

तरी तो म्हणाला, "चहा सांगतो."

सासऱ्यांचा हात मुठीवर थांबला.

"नको," ते म्हणाले. "कर्नलसाहेबांना चहा चालत नाही."

"चालतो की!" कर्नल म्हणाले.

"नको म्हटलं ना." सासऱ्यांनी तलवार तोलली. "परदेशी पातं. मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगतो. संग्रहालयात मला जिने झेपायचे नाहीत. जावईबापू येतील तुझ्याबरोबर, माझ्या वतीने सांगतील."

घरी त्याने एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही खाच पाहिली होती का तेव्हा?" सासरे उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बायको म्हणाली, "एका तलवारीसाठी त्यांचं आयुष्य खोटं पाडणार आहेस का?" खोटं बोललं तर संग्रहालयातली माणसं आज ना उद्या ओळखणार, आणि खरं बोललं तर घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो कर्नलसाहेबांच्या गाडीत बसला. तलवार मागच्या सीटवर आडवी ठेवलेली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कर्नल समोर बघत म्हणाले, "त्याला दिसायचं बंद होऊन किती काळ झाला?"

जावयाने वळून मागच्या सीटवरच्या तलवारीकडे पाहिलं.

"अरे, मला माहीत आहे. सगळ्या बाजाराला माहीत आहे. मागे तुझ्या सासऱ्याने घड्याळ समजून कौतुक केलं होतं, आणि मी हातात दिला होता लष्करातला दिशा दाखवणारा कंपास."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तो एवढ्या कष्टाने लपवतोय. आपण कशाला उघडं करायचं? शिवाय निकाल बरोबर येत होते. ते कुणाचे होते, तेही लोकांना कळत होतं." सिग्नल हिरवा झाला. "आता सांग. चहा का सांगत होतास?"

जावयाला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. इतकी वर्षं आपण श्वास कोंडून ज्या भिंतीला पाठ लावून उभे होतो, ती बाहेरून सगळ्यांना काचेची दिसत होती. त्याने खाचेबद्दल सांगितलं, लांडग्याबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एका तलवारीबद्दल पूर्ण वाक्यांत बोलला.

कर्नलांनी गाडी बाजूला घेतली.

"म्हणजे इथल्याच कुणा लोहाराने केली."

"हो. त्याने खरं परदेशी पातं हातात तरी घेतलं होतं की नाही, कोण जाणे. पण काम चोख आहे. नक्कल असून मोडायची नाही."

"तर मग तसंच सांग तिथे," कर्नल म्हणाले. "मी परदेशाला थोडीच देतोय? इथल्याच संग्रहालयाला देतोय."

संग्रहालयातल्या बाईंनी तलवार उजेडात धरली आणि त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. "मलाही ती खाच खटकलीच होती," त्या म्हणाल्या. "लांडग्याचं तुम्ही म्हणता ते मात्र मी पाहिलं नव्हतं." मग दोघं भिंग घेऊन बसले. निघताना बाईंनी विचारलं, तळघरात अशी कितीतरी पाती नुसती गुंडाळून ठेवलेली आहेत, त्यांचा छडा लावायला याल का, पूर्ण वेळ? त्याने विचार करून सांगतो म्हटलं. पण मनात तो केव्हाच त्या तळघरात उतरला होता.

घरी आल्यावर त्याने सासऱ्यांना सगळं सांगितलं. खाच, लांडगा, कर्नलांचा कंपास, सगळं. संग्रहालयाचंही सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"म्हणजे डोळे होते तेव्हाही दिसत नव्हतं म्हणायचं," ते म्हणाले. रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी ते त्याच्या आधी दुकानात जाऊन बसले होते, बिनचष्म्याचे. इस्त्रीवालीने हात धरून पोचवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं तसं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "मला दिसत नाही. आता जावईबापू ओळखतात. त्यांचा शब्द तो माझा शब्द." जो येईल त्याला तेच. इतक्या मोठ्याने की घड्याळवाला रस्ता ओलांडून आला आणि त्याने जावयाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बायकोने त्या दिवशी दुपारचा डबा स्वतः आणला. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तळघराची गोष्ट कशी काढायची? आधी सोडून गेला असता तर एक लपवाछपवी उघडी पडली असती, एवढंच. आता सगळ्यांसमोर गादी दिल्यावर उठून जाणं म्हणजे म्हाताऱ्याला भर बाजारात टाकून जाणं. त्याने संग्रहालयातल्या बाईंना आज कळवतो, उद्या कळवतो केलं. शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाला नेमलं आणि त्याला तसं कळवलं. तो निरोप वाचताना त्याला वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही. याचीच त्याला जास्त भीती वाटली.

परवा एका बाईने माहेरून आलेली कट्यार आणली. त्याने उजेडात धरली, मूठ पाहिली, पातं पाहिलं, आणि कुठल्या मुलखातली ते सांगितलं. बाई उठणार तेवढ्यात सासऱ्यांनी हात पुढे केला. "बघू." ते बराच वेळ मूठ चाचपत राहिले, एकदा या हातात, एकदा त्या हातात.

"वापरणारा डावखुरा होता," ते म्हणाले.

जावयाने कट्यार पुन्हा घेतली. त्याला काही दिसेना. मग त्याने डोळे मिटून मूठ डाव्या हातात धरली, आणि झिजलेली जागा त्याच्या अंगठ्याखाली अलगद येऊन बसली.

"माझे आजोबा डावखुरे होते," ती बाई म्हणाली.

जावई डोळे मिटून तसाच उभा राहिला. म्हाताऱ्याकडून शिकायचं अजून केवढं तरी बाकी होतं, आणि ते या खोलीबाहेर कुठेच मिळणार नव्हतं.